कर कमी केला, तरी राग का वाढला? अमेरिकेतल्या वसाहतींचा असंतोष शिकवताना

“मॅडम, म्हणजे तेपण आपल्यासारखेच ना? इंग्रजांनी राज्य केलं आणि लोक उठले.”

कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवताना अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाशी आलं, की हा प्रश्न हमखास येतो. तो आला की मी पुस्तक मिटते आणि फळ्यावर एकच शब्द लिहिते : वसाहत. रोजच्या बोलण्यात हा शब्द कुठे ऐकता? उत्तरं पटापट येतात. रेल्वे वसाहत, पोलीस वसाहत, साखर कारखान्याची वसाहत. म्हणजे बाहेरगावाहून आलेली माणसं घरं करून राहतात ती जागा. अमेरिकेतल्या तेरा वसाहती समजायला हा घरगुती अर्थच कामाला येतो. भारतात इंग्रज आले ते व्यापाराला आणि पुढे राज्य करायला. नोकरी संपली की बहुतेक जण परत जात. अमेरिकेत ते बायकापोरांसह गेले, जंगल तोडून शेती केली, गावं वसवली आणि पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिले. तरीही स्वतःला इंग्रजच म्हणवत होते, आणि तेही अभिमानाने. आपल्या पुस्तकांत ‘वसाहतवादी’ म्हणजे राज्यकर्ता. अमेरिकेच्या धड्यात वसाहतवालेच बंड करतात. इथे मुलांचा गोंधळ झाला नाही तरच नवल.

१६०७ मध्ये व्हर्जिनियातलं जेम्सटाऊन वसलं, १७३२ मध्ये जॉर्जियाला सनद मिळाली. या सव्वाशे वर्षांत अटलांटिकच्या किनाऱ्याने तेरा वसाहती उभ्या राहिल्या. १७७५च्या सुमारास त्यांची लोकसंख्या २५ लाखांच्या आसपास होती आणि त्यातला जवळपास दर पाचवा माणूस गुलाम होता. ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं राहिलं, ते मूळ रहिवासी या मोजदादीत धरलेलेच नाहीत. गोरे वसाहतवाले, काळे गुलाम आणि मूळ रहिवासी असे तीन गट मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते आणि प्रकरण संपेपर्यंत पुसत नाही. पुढे कुणी ‘लोक उठले’ म्हटलं, की कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारता येतं, यातले कोणते?

दुसरी अडचण सनावळीची. १७६४ साखर, १७६५ स्टॅम्प, १७६७ टाऊनशेंड, १७७३ चहा, १७७६ स्वातंत्र्य. ही यादी पाठ झाली की मुलांना वाटतं, लोकांनी पहिल्याच वर्षी स्वातंत्र्य घ्यायचं ठरवलं होतं आणि मग नुसती मुहूर्ताची वाट पाहिली. तसं अजिबात नव्हतं. १७६३ मध्ये बोस्टनच्या रस्त्यावर कुणाला ‘ब्रिटनपासून वेगळं व्हायचंय का’ असं विचारलं असतं, तर त्याने विचारणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. प्रकरणाचं नाव ‘वाढता असंतोष’ असेल, तर शिकवायचं आहे ते ‘वाढता’. प्रत्येक पायरीवर माणसं काय मागत होती, कुठे थांबायला तयार होती आणि का थांबली नाहीत, हे कळलं तर सनावळी आपोआप लक्षात राहते.

युद्ध जिंकलं, कर्ज उरलं

सुरुवात सप्तवार्षिक युद्धापासून करावी लागते. या युद्धाची एक बाजू आपल्या मुलांच्या ओळखीची असते, कारण भारतातही इंग्रज आणि फ्रेंच त्याच काळात लढत होते; १७६० ची वांदिवाशची लढाई त्यातलीच. अमेरिकेत हा झगडा १७५४ मध्येच पेटला होता. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने फ्रान्सला उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून जवळपास काढता पाय घ्यावा लागला. वसाहतींमध्ये दिवाळी झाली. राजा तिसरा जॉर्ज तेव्हा लोकांचा लाडका राजा होता.

लंडनमध्ये मात्र हिशेब मांडला जात होता. ब्रिटनवरचं कर्ज युद्धापूर्वी सुमारे साडेसात कोटी पौंड होतं, ते तेरा कोटींच्या घरात गेलं होतं. त्यात अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायमचे ठेवायचं ठरलं होतं. त्यांचा खर्च कुणी करायचा? पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांचं उत्तर सरळ होतं. सैन्य वसाहतींच्या रक्षणासाठी आहे, तर खर्चातला थोडा वाटा वसाहतींनी उचलावा. ब्रिटनमधला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता, हेही खरं होतं.

ग्रेनव्हिलची बाजू मी मुलांना आधी मांडायला लावते. अर्धा वर्ग लंडनचं पार्लमेंट होतो आणि दहा मिनिटांत कराच्या समर्थनार्थ मुद्दे काढतो. मुलं हे फार उत्तम करतात, आणि त्यांना धक्का बसतो की आपल्याला हे पटतंय. तो धक्का बसायलाच हवा. समोरचा पक्ष मूर्ख किंवा दुष्ट होता असं धरून शिकवलं, तर पुढचं काहीच समजत नाही.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १७६३ मध्ये, राजाने जाहीरनामा काढून ॲपलेशियन डोंगररांगेच्या पलीकडे वस्ती करायला मनाई केली. मूळ रहिवाशांचा नेता पाँटिअक याच्या उठावामुळे सरकारला आणखी लढाया नको होत्या. पण पलीकडच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेले शेतकरी आणि जमिनींचे व्यवहार करणारे बडे लोक, दोघेही नाराज झाले. असंतोषाच्या मुळाशी परक्याची जमीन हवी असण्याचाही भाग होता, ही गोष्ट झाकू नये.

मळीचा धडा

आमच्या भागात साखर कारखाने आहेत, त्यामुळे १७६४ चा साखर कायदा शिकवायला मला फार कष्ट पडत नाहीत. उसाच्या मळीपासून दारू होते हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या वसाहतींचा मोठा धंदा तोच. कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या घामावर ऊस पिकायचा, तिथली मळी जहाजाने बोस्टन, न्यूपोर्टला यायची आणि तिची रम व्हायची. फ्रेंच बेटांवरची मळी स्वस्त पडायची. तिच्यावर १७३३ पासून गॅलनला ६ पेन्स जकात होती, पण ती भरतं कोण? अधिकाऱ्याच्या हातावर थोडं टेकवलं की काम व्हायचं.

ग्रेनव्हिलने काय केलं? जकात ६ वरून ३ पेन्सवर आणली. कर निम्मा झाला, आणि लोक भडकले! वर्गात इथे मी थांबते आणि कारण शोधायला सांगते. थोड्या वेळाने कुणीतरी बरोबर म्हणतं, “आधी भरतच नव्हते, आता वसूल करणार.” अगदी तेच. आरमाराची जहाजं तपासणीला लागली. शिवाय तस्करीचे खटले ज्यूरीविना चालणाऱ्या आरमारी न्यायालयात नेण्याची सोय झाली. गावच्या बारा माणसांच्या ज्यूरीसमोर व्यापारी सुटून जायचा, कारण ज्यूरीत त्याचेच शेजारी असायचे. ज्यूरीपुढे न्याय मिळणं हा प्रत्येक इंग्रजाचा हक्क समजला जाई. ‘आम्ही इंग्रज आहोत, मग आमचे हक्क लंडनच्या इंग्रजापेक्षा कमी कसे?’ ही ठसठस इथून सुरू झाली.

एक रुपयाचा प्रश्न

स्टॅम्प कायद्याच्या दिवशी मी घरातला एक जुना स्टॅम्प पेपर घेऊन जाते. भाडेकरार असो, प्रतिज्ञापत्र असो, हा कागद लागतो आणि त्याचे पैसे सरकारजमा होतात, हे मुलांनी घरी पाहिलेलं असतं. मार्च १७६५ मध्ये पार्लमेंटने हेच अमेरिकेत आणलं. कोर्टाचे कागद, परवाने, जहाजाच्या मालाच्या पावत्या, पंचांगं, वर्तमानपत्रं, इतकंच काय पत्त्यांचे कॅट आणि फासे, सगळ्यावर शिक्का. आणि त्याचे पैसे भरायचे ब्रिटिश चलनात, ज्याची तिथे कायम टंचाई. कायदा १ नोव्हेंबर १७६५ पासून लागू व्हायचा होता. या कराने नेमकं वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि खानावळवाले यांना दुखावलं. हीच माणसं दिवसभर लिहितात, छापतात आणि बोलतात. अशांना एकाच वेळी डिवचणं सरकारला फार महाग पडलं.

आता मुख्य मुद्दा. मी वर्गात एक फर्मान वाचून दाखवते : शेजारच्या ‘ब’ तुकडीने बैठक घेऊन ठरवलं आहे, की आजपासून ‘अ’ तुकडीतल्या प्रत्येकाने आठवड्याला एक रुपया द्यायचा. रक्कम किरकोळ आहे, आणि पैसे दोन्ही तुकड्यांच्या भल्यासाठीच वापरले जातील. क्षणात गलका होतो. “एकच तर रुपया आहे,” मी म्हणते. मागच्या बाकावरून उत्तर येतं, “रुपयाचं नाही मॅडम. ते कोण ठरवणारे?”

ते वाक्य मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिते. प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही, ही घोषणा आता समजवावी लागत नाही. वसाहतींना स्वतःच्या विधानसभा होत्या, त्या कर बसवत होत्या आणि लोक ते भरतही होते. तक्रार होती ती त्यांचा एकही सभासद नसलेल्या सभेने त्यांच्या खिशात हात घालण्याची.

लंडनकडे याला उत्तर होतं, आणि तेही मुलांना सांगायला हवं. मँचेस्टरसारख्या भरभराटीच्या गावालाही तेव्हा स्वतःचा खासदार नव्हता. उलट ओल्ड सॅरम या जवळपास ओसाड टेकाडाला दोन खासदार होते. पार्लमेंटचा सभासद एका गावाचा नसतो, तो साऱ्या साम्राज्याच्या वतीने विचार करतो, असा युक्तिवाद होता. त्यावर वसाहतींचं म्हणणं असं, की खासदार मँचेस्टरवर कर बसवतो तेव्हा तो स्वतःवरही बसतो. पण बोस्टनवर बसवतो तेव्हा त्याचा स्वतःचा भार हलका होतो. मग तो हात आखडता का घेईल? मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

वाद कागदावर राहिला नाही. १४ ऑगस्ट १७६५ च्या सकाळी बोस्टनमध्ये एका मोठ्या एल्मच्या झाडाला एक पुतळा टांगलेला दिसला. अँड्र्यू ऑलिव्हर या गृहस्थाला स्टॅम्प वाटायचं काम मिळणार होतं, त्याचा तो पुतळा. संध्याकाळी जमावाने त्याची मिरवणूक काढली, ऑलिव्हरची नवी इमारत पाडली आणि घरावर हल्ला केला. त्याने काम सोडलं. बारा दिवसांनी नायब गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचं घर जमावाने आतून पार उद्ध्वस्त केलं. या माणसांना लोकशाहीचे दूत म्हणायचं की दंगलखोर? मी निर्णय देत नाही. हचिन्सनच्या घरातल्या पोरीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा, एवढं सांगते. इतर वसाहतींतही स्टॅम्प वाटणाऱ्यांनी भराभर हात झटकले. वाटायलाच कुणी नाही म्हटल्यावर कायदा जागच्या जागी लुळा पडला. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी अर्ज लिहिले, अगदी अदबीने, राजनिष्ठेची ग्वाही देऊन.

मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. घंटा वाजल्या, दिवे लागले, आतषबाजी झाली. न्यूयॉर्ककरांनी तर कृतज्ञता म्हणून राजाचा घोड्यावर बसलेला, सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा पुतळा करून घेतला आणि १७७० मध्ये तो उभारला. सहा वर्षांनी, जुलै १७७६ मध्ये, त्याच शहरात लोकांनी दोर लावून तो खाली ओढला आणि त्याच्या शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. ‘वाढता’ या शब्दाचा अर्थ मला या एका पुतळ्यात सापडतो.

आनंदाच्या भरात एक कागद फारसा कुणी वाचला नाही. कर रद्द करतानाच पार्लमेंटने दुसरा कायदा केला, की वसाहतींसाठी ‘कोणत्याही बाबतीत’ कायदे करण्याचा अधिकार आम्हाला आहेच. रुपया परत केला, पण ‘ठरवणारे आम्हीच’ हे लिहून ठेवलं.

सूत, शिपाई आणि एक चित्र

१७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाऊनशेंड यांनी काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्यावर आयात जकात बसवली. तिच्यातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे होते. ही खोच महत्त्वाची आहे. तोवर अनेक ठिकाणी हे पगार स्थानिक विधानसभेच्या हातात असत. पगार हातात असला की साहेबही ऐकून घेतो. ती दोरीच कापली जाणार होती.

उत्तर म्हणून बंदराबंदरांतल्या व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल न मागवण्याचे करार केले. बॉयकॉट हा शब्द तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता. तो १८८० मध्ये आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या मुनीमामुळे आला. पण गोष्ट तीच, आणि १९०५ च्या पुण्यातली विदेशी कापडांची होळी माहीत असलेल्या मुलांना ती लगेच उमगते. इथे बायका पुढे आल्या. ब्रिटिश कापड घालायचं नाही तर घरी सूत काढावं लागणार. गावच्या धर्मोपदेशकाच्या घरी जमून बायका दिवसभर चरखे चालवायच्या आणि वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या यायच्या. मतदानाचा अधिकार नसलेल्या बाईचं स्वयंपाकघर आणि तिची खरेदी अचानक राजकारणाचा भाग झाली. परीक्षेत या भागावर प्रश्न येत नाही, तरी मी त्याला अख्खा तास देते.

ऑक्टोबर १७६८ मध्ये बोस्टनमध्ये ब्रिटिश पलटणी उतरल्या. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या गावात लाल डगल्यांची शिबंदी. शिपायांना पगार तुटपुंजा, म्हणून ते सुट्टीत कमी मजुरीवर कामं करायचे आणि गावच्या मजुरांच्या पोटावर पाय यायचा. बाचाबाची रोजचीच झाली. फेब्रुवारी १७७० मध्ये एका जकात नोकराने घरासमोरच्या जमावावर गोळी झाडली आणि ख्रिस्तोफर सायडर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा गेला. पुढच्याच महिन्यात, ५ मार्चच्या रात्री, जकात कचेरीसमोरच्या एकट्या पहारेकऱ्याशी एका शिकाऊ पोराचं वाजलं. गर्दी जमली, बर्फाचे गोळे आणि दंडुके फेकले जाऊ लागले. कॅप्टन थॉमस प्रेस्टन काही शिपाई घेऊन मदतीला आला. गोंधळात एक शिपाई खाली पडला, उठला आणि गोळी सुटली. मग आणखी सुटल्या. पाच माणसं मेली. त्यांत क्रिस्पस ॲटक्स होता, आफ्रिकन आणि मूळ रहिवासी अशा दोन्ही वंशांचा खलाशी.

काही आठवड्यांत पॉल रेव्हिअर या चांदीच्या कारागिराने याचं चित्र कोरून छापलं. मी त्याची मोठी प्रत फळ्यावर लावते आणि पाच मिनिटं कुणी काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. शिपाई एका ओळीत शिस्तीत उभे आहेत. मागे कॅप्टन तलवार उगारून हुकूम देतोय. समोर साधी, निःशस्त्र माणसं. जकात कचेरीवर पाटी आहे ‘खाटीकखाना’ अशा अर्थाची, जी प्रत्यक्षात नव्हती. खाली एक कुत्रा शांत उभा आहे. यानंतर मी खटल्यातल्या साक्षींचा सारांश वाटते : अंधार, घसरडं बर्फ, आरडाओरडा, आणि हुकूम कुणी दिला यावर साक्षीदारांत एकमत नाही. मुलं स्वतःच चित्र आणि साक्षी ताडून बघतात. “मॅडम, हे तर व्हॉट्सॲपवर येतं तसं झालं,” असं एकदा एक मुलगा म्हणाला. त्याला त्या दिवशी इतिहासकाराचं काम कळलं, असं मला मनापासून वाटलं.

त्या शिपायांचं वकीलपत्र घेतलं जॉन ॲडम्स यांनी, जे स्वतः सरकारच्या करांचे कडवे विरोधक होते आणि पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रेस्टन सुटला, आठांपैकी सहा शिपाई सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग देण्याची शिक्षा झाली. आणि एक योगायोग : ज्या ५ मार्चला बोस्टनमध्ये गोळ्या सुटल्या, त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी टाऊनशेंडची बहुतेक जकात रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. ठेवली फक्त चहावरची, पौंडभर वजनाला ३ पेन्स. हक्क सोडला नाही हे दाखवायला.

स्वस्त चहा फेकला कशाला?

पुढची दोन-तीन वर्षं तुलनेने शांत गेली. सॅम्युएल ॲडम्स यांनी १७७२ मध्ये बोस्टनमध्ये पत्रव्यवहार समिती काढली, गावोगावी तशा समित्या झाल्या आणि बातमी फिरवण्याचं जाळं तयार झालं. एवढं सांगून मी सरळ चहावर येते, कारण इथे गोष्ट आपल्या दाराशी पोहोचते.

आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांना ‘रेग्युलेटिंग ॲक्ट १७७३’ झोपेतून उठवून विचारला तरी आठवतो. वॉरन हेस्टिंग्ज, गव्हर्नर जनरल, ईस्ट इंडिया कंपनीवर पार्लमेंटचा अंकुश. पण त्याच पार्लमेंटने, त्याच वर्षी, त्याच कंपनीला वाचवण्यासाठी चहाचा कायदाही केला, हे दोन वेगळ्या पुस्तकांत असल्यामुळे कुणी जोडून बघत नाही. १७६९-७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं अन्नान्न करत मेली, तरी कंपनीची महसुलाची वसुली चालूच होती. पुढे कंपनीच दिवाळखोरीच्या काठावर आली आणि लंडनच्या गोदामांत चहा पडून राहिला. सरकारने तिला कर्ज दिलं, अंकुश लावला आणि तो चहा थेट अमेरिकेत विकायची सवलत दिली. चहा चीनचा होता, हे आवर्जून सांगावं लागतं. आसामचा चहा यायला अजून साठेक वर्षं होती.

या सवलतीने चहा स्वस्त झाला. “मग फेकला कशाला?” वर्गातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न. कारणं दोन. कंपनी आपल्या निवडक अडत्यांमार्फतच विकणार होती, बाकीचे व्यापारी आणि तस्कर दोघेही धंद्यातून उठणार होते. बोस्टनच्या अडत्यांत हचिन्सन यांचे दोन मुलगे होते, आणि हचिन्सन तोवर गव्हर्नर झाले होते. दुसरं, स्वस्त चहा घेताना ते ३ पेन्स मुकाट भरले जाणार होते. म्हणजे ‘ठरवणारे आम्हीच’ हे मान्य झालं.

फिलाडेल्फियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी नोव्हेंबर १७७३ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात आपल्या लोकांना बजावलं, की या कंपनीने आशियात काय केलं ते बघा : लूट, मक्तेदारी, आणि दुष्काळात मेलेली माणसं. बंगालच्या भुकेल्यांची बातमी तिथपर्यंत पोहोचली होती आणि तिथल्या माणसांना वाटत होतं, उद्या हेच आपल्यावर येईल. हे वाचून दाखवताना दरवर्षी माझा आवाज जड होतो.

डार्टमाऊथ हे जहाज २८ नोव्हेंबरला बोस्टनला लागलं. त्याच जहाजातून बोस्टनच्याच फिलिस व्हीटली या गुलामीत वाढलेल्या कवयित्रीच्या, लंडनमध्ये छापलेल्या कवितासंग्रहाच्या प्रतीही आल्या होत्या. नियम असा, की वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त. मुदत संपायच्या आदल्या दिवशी, १६ डिसेंबरला, ओल्ड साउथ सभागृहात हजारो लोक जमले. जहाजाच्या तरुण मालकाला गव्हर्नरकडे पाठवलं : माल न उतरवता परत जायची परवानगी द्या. संध्याकाळी तो नकार घेऊन आला. त्या रात्री मोहॉक मूळ रहिवाशांचं सोंग घेतलेली माणसं ग्रिफिन धक्क्यावरच्या तीन जहाजांवर चढली आणि तीन तासांत ३४२ पेट्या फोडून सुमारे ४२ टन चहा पाण्यात ओतला. ओहोटी होती, त्यामुळे चहाचे ढीग जहाजाच्या कडेला साचू लागले आणि ते हातांनी ढकलावे लागले. बाकी कशाला हात लावला नाही. मूळ रहिवाशांच्या जमिनी घेणाऱ्यांनी त्यांचाच वेश का घेतला असेल, हा प्रश्न मी वर्गाला घरी न्यायला देते.

पुढे सगळं वेगात झालं

१७७४ मध्ये लंडनने बोस्टनचं बंदर बंद केलं आणि बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सचा कारभार आवळला. शिक्षा एका गावाला द्यायची होती, पण घाबरली सगळीच गावं. इतर वसाहतींनी बोस्टनला तांदूळ, मेंढ्या पाठवल्या. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले; जॉर्जिया आली नाही. त्यांनी व्यापारबंदी ठरवली आणि ती पाळली जाते का हे बघायला गावोगावी समित्या नेमल्या. समित्यांनी शेजाऱ्यांवर नजर ठेवली, राजनिष्ठांना धाक दाखवला, काहींना डांबर आणि पिसं फासली. १९ एप्रिल १७७५ ला पहाटे बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनच्या मैदानावर ब्रिटिश शिपाई आणि हत्यारबंद गावकरी समोरासमोर आले, गोळी सुटली आणि युद्धाला सुरुवात झाली. पहिली कुणी झाडली, ते कधीच सिद्ध झालं नाही. त्याच्या महिनाभर आधी रघुनाथरावांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला होता आणि आपल्याकडे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटलं होतं; तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की मुलांना तो काळ एकदम जवळचा वाटतो. लेक्सिंग्टननंतरही, जुलै १७७५ मध्ये, वसाहतींनी राजाला समेटाचा अर्ज पाठवला होता.

फळ्याच्या कोपऱ्यातले तीन गट शेवटच्या तासाला पुन्हा कामाला येतात. गोरे वसाहतवाले ‘आम्हाला गुलाम करू पाहतात’ असं लिहीत होते, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधले खरेखुरे गुलाम १७७३ मध्ये गव्हर्नरकडे स्वातंत्र्याचा अर्ज करत होते. त्यांचं मागणं मान्य झालं नाही. देशभरातली गुलामी जायला १८६५ उजाडलं, आणि तेव्हा ज्यांनी ती घालवली त्यांच्या सन्मानार्थ जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. मुलांना ते पुस्तक माहीत असतं. अर्पणपत्रिका बहुतेकांनी पाहिलेली नसते.

परीक्षा मी पत्राने घेते. एका डब्यात चिठ्ठ्या असतात : १७६६, बोस्टनमधली दुकानदार विधवा. १७७०, पलटणीतला शिपाई. १७७३, घरकामाला ठेवलेली गुलाम बाई. १७७५, राजनिष्ठ व्यापारी. चिठ्ठी काढायची आणि त्या माणसाने त्या वर्षी लिहिलेलं पत्र लिहायचं. अट एकच, चिठ्ठीवरच्या वर्षानंतरचं काहीही ठाऊक नाही. ही अट पाळणं फार कठीण जातं. पोरं पहिल्याच ओळीत स्वातंत्र्य आणून ठेवतात आणि मी कागद परत देते.

गेल्या वर्षी एका मुलीने विधवेची चिठ्ठी काढली होती. तिचं पत्र लंडनच्या भावाला होतं. दुकानातल्या सगळ्या मेणबत्त्या काल रात्री खिडकीत लावल्या, असं तिने लिहिलं होतं. स्टॅम्प गेला, राजाने ऐकलं, गल्लीतली भांडणं मिटली. माणसं पुन्हा एकमेकांशी बोलायला लागली आहेत. आणि शेवटची ओळ : ‘आता काही काळजी नाही, दादा. पुढच्या जहाजाने चांगलं कापड आणि दोन पेट्या चहा पाठव.’